टाकीला लागलेला झरा

नाकावर माशी बसू देत नाही, असं माझ्याबद्दल आमच्या अख्ख्या ले-आऊटमध्ये बोललं जातं. खरं आहे. माशी कुठून उठून आली हे ठाऊक असताना शहाण्या माणसाने तिला नाकावर का बसू द्यावं, हे मला कळत नाही. मला घाणीची शिसारी आहे, लहानपणापासून आहे, आणि ती मी कधी लपवली नाही. लग्नाच्या पंगतीत मी ग्लास आधी हुंगते, मग पाणी पिते. दुसऱ्याच्या घरचा ओला टॉवेल चिमटीत धरते. लोक हसतात. हसोत बापडे.

आमचं घर हिंगणघाटच्या बाहेर, शेतं मोडून पाडलेल्या एका ले-आऊटमध्ये आहे. खाली कपाशीची काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून चपला धरून ठेवते. रस्त्याकडेला नाली आहे, पण ती कुठेच जात नाही. सगळ्यांच्या मोऱ्यांचं पाणी पोटात घेऊन जागच्या जागी बुडबुडे काढत राहते. मी तिच्यावरून नाकाला पदर लावून जाते. बाकीचे संध्याकाळी तिच्याच काठावर खुर्च्या टाकून भजी खातात. माणूस कशाकशाला सरावतो ते पाहायचं असेल तर आमच्या गल्लीत यावं.

आमचे मिस्टर एका जिनिंगमध्ये कापसाच्या गंज्या सांभाळायचे. दमट कापूस रचला की गंजी आतून तापायला लागते. वरून पांढरीस्वच्छ दिसते, आत धुमसत असते, आणि वेळेत कळलं नाही तर पेट घेते. मिस्टर सकाळी गंज्यांमधून एक चक्कर मारायचे आणि एखादीपाशी थांबून म्हणायचे, ही मोडा. मोडली की आतून गरम वाफ निघायची. त्यांचं नाक माझ्याहून तिखट होतं. आमचा संसार टिकला तो त्यामुळेच, असं मी म्हणते. घरात काही सडलंय, हे मला कधी एकटीला ओरडून सांगावं लागलं नाही.

मग ती साथ आली. मिस्टर तापातून उठले, नाक काही उठलं नाही. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल वास. आला नाही. पुढच्या मोसमात एक गंजी तापली आणि डोळ्यांना धूर दिसेपर्यंत यांना पत्ता लागला नाही. आग विझली, नुकसान फार झालं नाही, कोणी यांना बोललंही नाही. पण त्यानंतर मिस्टर कामावर गेले नाहीत. पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसायला लागले. दूध चांगलं आहे का, हे मला विचारायचे. घामाचा शर्ट पुन्हा पुन्हा घालायचे, आणि मी तोंड वाकडं केलं की काही न बोलता काढून द्यायचे. त्यांचं ते न बोलणं मला त्या शर्टापेक्षा नको वाटायचं.

म्हणून छतावरचं पाणी साठवायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं, तेव्हा मी आडवी आले नाही. मोबाइलवर कुठलातरी व्हिडिओ पाहून ते उठले होते. छताचं सगळं पाणी पाइपाने खाली आणायचं, जमिनीतल्या टाकीत भरायचं आणि त्यावर बाग करायची, पुढे लॉनसुद्धा. ले-आऊटमध्ये कोणाकडे लॉन नव्हतं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात जोर आला होता.

"ह्या कामाले नाक लागत नाई," ते म्हणाले. "डोये लागते अन् हात लागते. थे हायेत माह्यापाशी अजून."

मला काय, तो माणूस खुर्चीतून उठायला हवा होता. त्यासाठी त्यांनी अंगणात हत्ती बांधला असता तरी मी त्याचं शेण काढलं असतं. नाकाला पदर लावून, पण काढलं असतं.

भर उन्हाळ्यात टाकी बांधली. जागा निवडली घराच्या मागच्या बाजूला, कारण छताचा उतार तिकडे. आता तिकडेच पायवाटेखाली आमच्या संडासाची टाकी आहे. मी विचारलं, माठ कोणी उकिरड्याशेजारी ठेवतं का? मिस्टर म्हणाले, मधे चांगली जागा सुटली आहे. गवंडी म्हणाला, "वैनी, सिमेटची भित्त हाय. मुंगी नाई जाऊ शकत." दोघं हसले. मिस्टर इतक्या दिवसांनी हसत होते, म्हणून मी गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही आणि मला ते मानवतही नाही.

पावसाळा लागला आणि आपण कशाखाली राहतो ते मला कळलं. छत म्हणजे काय असतं, हे पाइपाच्या तोंडाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. कबुतरांची वाळलेली विष्ठा भिजून पांढरट कढीसारखी खाली येते. जिनिंगचा मोसम चालू असताना हवेत उडणारी रुई छताच्या कोपऱ्यांत साचलेली असते. ती भिजून, कुजून राखाडी बोळे होऊन पाइपात अडकते आणि तिला ओल्या कुत्र्याचा वास मारतो. एकदा पाण्याबरोबर एक फुगलेली पाल आली, पोट वर करून. मला ओकारी आली, मी आत जाऊन चूळ भरली आणि बाहेर येऊन पुन्हा सांगितलं, हे पाणी मी झाडालासुद्धा पाजणार नाही.

मिस्टरांनी त्यावर उपाय काढले. मी नाक मुरडायचं आणि त्यांनी दुरुस्ती करायची, असंच चाललं. पाल आली, त्यांनी पाइपाच्या तोंडाला जाळी ठोकली. रुईचा वास आला, त्यांनी मधे एक ड्रम बसवून त्यात गिट्टी, रेती आणि कोळसा भरला. कबुतरं काही हटेनात, तर हे रोज पाऊस पडायच्या आधी छत झाडायला लागले. संध्याकाळी भांड्यात पाणी घेऊन माझ्यापुढे धरायचे. "आता पाह्य बरं." मी हुंगायची आणि सांगायची, अजून आहे, किंवा आता बरं आहे. ज्या दिवशी मी बरं म्हटलं, त्या दिवशी ते एखादी परीक्षा पास झाल्यासारखे जेवले. इतकी वर्षं माझ्या शिसारीचा कोणाला उपयोग झाला नव्हता, तो त्या महिन्यात झाला.

मग त्यांनी कुठूनतरी हरळीचं बेणं आणून अंगणात ओळीने लावलं, आणि कडेने सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर, आणि पालक, भेंडी. हरळी पसरली. बाजूच्या घरची सून येऊन बघायची. ती बडबडी, गोड बोलणारी, आणि आल्यासारखी सांभाराची जुडी घेऊन जाणारी. "काकाजीच्या हाताले गुण हाय," असं म्हणायची. काकाजी खूश.

श्रावणात पावसाने दडी मारली. असं ऊन पडलं की पुन्हा जमीन तडकायला लागली. गावात लोकांची कपाशी माना टाकत होती आणि आमचे मिस्टर छोटी मोटर लावून सकाळ-संध्याकाळ लॉनवर पाणी मारत होते. ते टाकीच्या झाकणातल्या भोकातून वेळूची काठी घालून पाणी मोजायचे. एके दिवशी काठी हातात घेऊन घरात आले, चेहरा उजळलेला.

"पाणी कमीच होऊन नाई राह्यलं," म्हणाले. "इतकं मारतो, तरी तेवढंच. टाकीले झरा लागला."

मी काठीकडे पाहिलं. तिच्यावर ओला, करडा, बुळबुळीत थर होता आणि तो खाली ओघळत होता. आणि मग मला वास आला.

तो पालीचा वास नव्हता, रुईचाही नव्हता. गावाकडच्या उघड्या संडासामागून लहानपणी श्वास रोखून पळायचो, तोच हा वास होता. मी ओरडले. म्हटलं, ही काठी आधी बाहेर टाका. हा झरा नव्हे, ही संडासाची टाकी तुमच्या टाकीत झिरपते आहे.

मिस्टरांनी काठी नाकाशी नेली. मग खाली घेतली.

"शेणखताचा असन," म्हणाले. "कालच टाकलं म्या."

"शेणखत मी ओळखत नाही का?"

"तुले तं सगळ्यातच वास येते." ते रागावले नव्हते, आणि तेच वाईट होतं. "रुईचा आला, कबुतराचा आला, पालीचा आला. आता झऱ्याचा येते. लग्नाच्या ग्लासाले बी येते तुले."

हे मात्र माझ्यावरच उलटलं. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्याचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, पण माझा लांडगा दर वेळी खरा होता. पाल खरी होती. रुई खरी होती. मी कधी खोटं ओरडले नव्हते. आणि आता सगळ्यात मोठी घाण दारात उभी होती, तेव्हा माझं नाक म्हणजे बाईची सवय ठरलं.

मी साक्षीदार शोधायला गेले. बाजूच्या सुनेला लॉनच्या कडेला उभं केलं, मोटर चालू असताना. म्हटलं, खरं सांग, वास येतो की नाही? तिची नाकपुडी हलली. मी पाहिली हलताना. मग तिने हातातल्या सांभाराकडे पाहिलं, काकाजींकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाई बा काकू. नालीचा असन." तिला तो वास आला होता. आला होता आणि तिने गिळला होता, फुकटच्या सांभारासाठी आणि भिडेसाठी. मला त्या पाण्यापेक्षा त्या गिळण्याची जास्त किळस आली. गणपतीत गल्लीतल्या बायका दुर्वा न्यायला आमच्याच अंगणात आल्या, गुडघ्यावर बसून कोवळ्या कोवळ्या काड्या खुडत होत्या आणि मधेच एकमेकींकडे बघत पदर नाकाशी नेत होत्या. वासाबद्दल एकीनेही तोंड उघडलं नाही. सगळ्या म्हणाल्या, काय हिरवंगार आहे हो. हिरवंगार होतंच. गटारकाठचं गवत असतं तसं माजलेलं, काळपट हिरवं. माझा पाय तिथे पडत नव्हता.

घरात मी बागेची भाजी शिजवायची बंद केली आणि तसं सांगूनही टाकलं. त्यावर मिस्टर अंगणात गेले, ओला सांभार मुळासकट उपटला, माती झटकली आणि न धुता माझ्यासमोर चावला. हळूहळू, पुरता. देठ दातांत कुरकुरत होते.

"पाह्य," म्हणाले. "काई झालं मले?"

मी मोरीवर जाऊन उलटी केली. दुसऱ्या दिवशी त्यांचं पोट बिघडलं. तर म्हणाले, पावसाळ्यात होतेच.

मला काय म्हणायचं होतं ते मी त्या दिवसांत धड म्हणू शकले नाही. टाकी बुजवा म्हणावं, तर तो माणूस पुन्हा खुर्चीत जाऊन बसणार. चालू द्या म्हणावं, तर तो ते पाणी हाताने उपसणार, ते खाणार, दुसऱ्यांना खाऊ घालणार. रात्रंदिवस ती दुर्गंधी माझ्या डोक्यात होती आणि तिच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा उजळलेला चेहरा. असा राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता, आणि तो नेमका कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

तेवढ्यात झऱ्याची बातमी पसरली. आमच्याकडे विहिरीला झरा लागला की नारळ फोडतात, हळदकुंकू वाहतात. लोकांनी तेच टाकीला सुरू केलं. एक दिवस पाहते तर टाकीच्या सिमेंटच्या झाकणावर हळदीची पाच बोटं आणि वर दोन अगरबत्त्या. इतकी दुष्काळी उघाड पडली असताना जमिनीतून पाणी वर येतं म्हणजे देवाचीच करणी, असं सगळ्यांचं ठरलं. मिस्टरांनी गवंड्याला बोलावलं, झाकणाभोवती छोटासा ओटा बांधून द्यायला, म्हणजे बायकांना नीट बसता येईल.

महालक्ष्म्या बसायच्या दिवशीची सकाळ होती. बाजूच्या घरी महालक्ष्म्या असतात, त्यांची आंबील आणि सोळा भाज्या आम्ही दर वर्षी जेवतो. गवंडी विटा उतरवत होता. मिस्टर त्याला ओट्याची रेघ ओढून दाखवत होते. आणि ती सून नवी साडी नेसून, हातात घासलेला पितळेचा तांब्या घेऊन आली.

"काकाजी, कलशाले पाणी द्या न," ती म्हणाली. "आमच्या सासूबाई म्हणते का झऱ्याचं पाणी महालक्ष्मीले पायजे. थोडं आंबिलीत बी टाकू."

मिस्टरांनी मोटर लावली. तांब्या भरून तिच्या हातात दिला, दोन्ही हातांनी, मान थोडी झुकवून. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे पाहत होते. त्या पाण्यावर फेस होता. ते आंबिलीत जाणार होतं आणि उद्या गल्लीतली लहानथोर माणसं ते भुरके मारून पिणार होती.

मी बाहेर धावले आणि तिच्या हातातल्या तांब्याला फटका मारला. तांब्या गवतावर पडला, पाणी तिच्या नव्या साडीवर उडालं.

"माय वं!" ती किंचाळली. "सणाच्या दिवशी? काकू, तुमाले काई समजते का नाई?"

"समजतं," मी म्हटलं. "तुलाही समजतं. साडीला नाक लाव."

तिने लावलं नाही. ती मिस्टरांकडे बघत राहिली. गवंडीही त्यांच्याकडे बघत होता. मिस्टरांचा चेहरा पडला नव्हता, आवळला गेला होता. त्यांनी माझ्याकडे बोट केलं नाही, आवाज चढवला नाही. गवंड्याला म्हणाले, "झाकण काढ. पुरं काढ. पाहू दे सगळ्याइले एकदा, काय हाय आत थे."

मोटरचा पाइप भोकातून जायचा, त्यामुळे पावसाळ्यात ते झाकण अख्खं कधी काढलंच नव्हतं. गवंड्याने झाकणाखाली लोखंडी सब्बल घातली. हळदकुंकू विस्कटलं, अगरबत्तीच्या काड्या मोडल्या. झाकण सरकलं आणि आतून जे वर आलं त्याला वास म्हणणं कमीच आहे. ते अंगावर आलं. गवंडी सब्बल टाकून मागे उडाला आणि त्याने दुपट्टा तोंडाभोवती आवळला. सुनेने पदर कोंबला, तिला उबळ आली, ती कंपाउंडच्या भिंतीला धरून वाकली. मी पदर नाकावर दाबून धरला तरी डोळ्यांतून पाणी आलं. आत करडं, जाड, हळूच हलणारं पाणी होतं आणि संडासाच्या बाजूच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत एक भेग होती. उन्हाळ्यात काळी माती आकसली, पावसात फुगली, आणि मधे आमची सिमेंटची भिंत सापडली. त्या भेगेतून संथ धार येत होती. तोच झरा.

"भाऊ," गवंडी दुपट्ट्यातून म्हणाला, "हे तं संडासाचं पाणी हाय." मग घाईने म्हणाला, "बुजवा लागते. आजच बुजवा लागते."

मिस्टर टाकीच्या अगदी काठावर उभे होते, आम्हा सगळ्यांपेक्षा जवळ. मला वाटलं ते भेगेकडे बघत आहेत. पण ते भेगेकडे बघत नव्हते. त्यांनी आधी गवंड्याच्या तोंडाकडे पाहिलं, दुपट्ट्यावरच्या डोळ्यांकडे. मग भिंतीशी वाकलेल्या सुनेकडे. मग माझ्याकडे, माझ्या पदराकडे, माझ्या ओल्या डोळ्यांकडे. प्रत्येकाकडे नीट पाहिलं. मग त्यांनी टाकीवर वाकून श्वास घेतला, छाती फुगेपर्यंत. थांबले. पुन्हा घेतला.

आणि मग, सगळ्यांच्या कितीतरी मागून, त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याची घडी उलगडली आणि आम्ही धरला होता तसाच तो आपल्या नाकावर धरला.

"व्हय," ते रुमालाआडून म्हणाले. "लय वास येऊन राह्यला."

मी पदर नाकावरून खाली घेतला आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.